टाकाऊ, पण चार्ज होणारं

आमच्या एकशे सात नंबरच्या इमारतीत साठ घरं आहेत आणि त्या साठही घरांच्या दिवाणखान्यात छताला लागून एक छोटा कर्णा बसवलेला आहे. हा कर्णा बंद करता येत नाही, त्याचा आवाज कमी करता येत नाही आणि त्याच्यावर उशी बांधली तरी काही फरक पडत नाही. (सहाशे दोनच्या काकांनी बांधून पाहिली होती.) गेल्या मार्चपासून या कर्ण्यातून जो आवाज येतो, तो माझा आहे.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझी जी अप्रतिष्ठा झाली ती किती उंचीवरून झाली, याचा अंदाज यायला हवा.

पूर्वी सूचना वाचायचं काम पहारेकरी छू आजोबांकडे होतं. "उद्या दहा ते चार पाणी बंद राहील" हे ते असं वाचायचे, की पाणी वारलं असं वाटून बायका हातातलं काम टाकायच्या. मग आमच्या शाळेच्या प्रसारण मंडळात मी दुपारच्या सुट्टीत बातम्या वाचते हे व्यवस्थापक मेंगसाहेबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी मला बोलावलं. बुधवार आणि शनिवार, संध्याकाळी साडेसात, कार्यालयातल्या माइकवरून, थेट. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला "उपस्थित" म्हणताना माझ्या घशातून उंदीर बाहेर पडायचा. आता लिफ्टमध्ये लहान मुलं आईचा हात ओढून कुजबुजतात, "पाण्याची ताई!" मी खाली बघून मंद हसते. असं हसणं मी आरशासमोर बसवलंय.

आता बाबा. माझे बाबा, प्यो सांगगुक, विजेवर चालणाऱ्या भाताच्या कुकरच्या कारखान्यात तपासणी विभागात आहेत. एकोणीस वर्षं ते झाकणाची रबरी रिंग तपासताहेत, त्यामुळे सगळ्या जगाकडे ते कुठून गळतंय या नजरेने बघतात. आजीने पाठवलेल्या किमचीच्या लोणच्यालासुद्धा ते शंभरपैकी गुण देतात. फक्त आजीला कळवत नाहीत. हा एवढा चिकित्सक माणूस सिगारेट मात्र न तपासता ओढायचा, आणि ओढायचा कुठे, तर बाथरूममध्ये. आमच्या बाथरूमच्या छतातल्या जाळीतून धूर वर जायचा आणि बाराशे चारच्या बाथरूममध्ये प्रकट व्हायचा. बाराशे चारमध्ये महिला मंडळाच्या अध्यक्षा ओकबाई राहतात. ज्या बाथरूममध्ये धूर पोचू नये असं साठ बाथरूमांपैकी एक निवडायला सांगितलं असतं, तर कुणीही तेच निवडलं असतं.

अध्यक्षकाकूंनी दोन लेखी तक्रारी केल्या. आमच्या रहिवासी सभेचा ठराव असा आहे, की एका घराविरुद्ध तिसरी तक्रार आली की त्या घराचा नंबर कर्ण्यावरून जाहीर करायचा आणि महिनाभर लिफ्टमध्ये लावून ठेवायचा. आमच्याकडे माणसाला नाव असून उपयोग नसतो. नंबर हेच नाव, नंबर हीच अब्रू. "पाचशे तीनच्या मुलीचं लग्न मोडलं" म्हटलं की सगळ्यांना हळहळ वाटते. मुलीचं नाव कुणालाच माहीत नसतं.

"बाबा," मी म्हटलं, "तिसरी तक्रार आली तर अकराशे चार हा नंबर कोण वाचणार?"

"वाचेल कुणीतरी."

"कुणीतरी नाही! मी वाचणार! माझ्या तोंडाने मी आपलंच घर जाहीर करणार, आणि मग शाळेत जाणार, आणि मग लिफ्टमधली पोरं म्हणणार, 'धुराची ताई!'"

बाबांनी खूप वेळ विचार केला आणि म्हणाले, "'चार' म्हणताना तुझा 'र' जरा तोकडा पडतो. तेवढं बघ."

तरी त्यांना लागलं असावं. दुसऱ्या दिवशी माझ्या चष्म्याची दांडी सैल झालीय म्हणून ते मला बाजारात घेऊन गेले आणि चष्म्याच्या दुकानावरून सरळ पुढे निघाले. कोपऱ्यावरच्या एका दुकानाच्या दारावर एकोणीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही असं लिहिलं होतं. मी बाहेर थांबले. दार उघडं होतं. कानांना वयाची अट नव्हती.

"हे वेप घ्या, बॅटरीवरची सिगारेट. डिस्पोजेबल आहे," दुकानदार सांगत होता. "वापरायचं आणि टाकायचं."

"मग हे खाली भोक कसलं?"

"चार्जिंगचं."

"जे टाकायचं ते चार्ज कशाला करायचं?"

"आतला रस संपायच्या आधी बॅटरी संपते ना, साहेब. म्हणून चार्ज करायचं. रस संपला की टाकायचं."

"आणि बॅटरी?"

"तीही टाकायची."

"चांगली असली तरी?"

"ठणठणीत असली तरी."

रबराची एक रिंग वाया जाऊ नये म्हणून ज्याने आयुष्य वेचलं, त्या माणसाच्या काळजावर हा घाव होता. शेवटी बाबा म्हणाले, "म्हणजे हे टाकाऊ आहे, पण चार्ज होतं."

"साहेब," दुकानदार आदराने म्हणाला, "आपण कॉलेजात शिकवता का?"

वस्तू घरी आली. फिकट गुलाबी रंग, हॉटेलात फुकट मिळणाऱ्या शाम्पूच्या बाटलीएवढा आकार, पोटावर इवलासा पडदा आणि त्यात बॅटरीचे आणि रसाचे टक्के. खोक्यावर पीचचं फळ आणि 'पंधरा हजार झुरके' असा दावा. आईने ती दोन बोटांत धरून उजेडात पाहिली.

"सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि तोंडात गुलाबी बाटली."

"तात्पुरतं आहे हे," बाबा म्हणाले. "मी याचं रीतसर मूल्यमापन करणार आहे. दोन आठवडे. रोजच्या प्रौढ वापरासाठी योग्य आहे की नाही, एवढं ठरवायचं."

"वेप आणलंत, ते ठीक," आई म्हणाली. "प्रौढ कुठून आणणार?"

तक्ता आखायचं काम माझ्याकडे आलं. मी अटी घातल्या: त्या वस्तूला हात लावणार नाही, खिडकी उघडी राहील आणि मी दोन मीटरांवर बसून फक्त लिहून घेईन. रकाने बाबांनी सांगितले: चव, वास, बॅटरी, खिशात मावणं. 'चारचौघांत शोभणं' हा रकाना मी आपला घातला.

चवीपुढे पहिल्या दिवशी मी बाबांचे शब्द जसेच्या तसे उतरवले: "पीचची आहे, पण खाल्लेल्या पीचची नव्हे. ज्याने पीच फक्त कॅलेंडरवर पाहिलंय, त्याने फोनवर सांगितलेल्या पीचची." बॅटरीच्या रकान्यात माझी एक व्यक्तिगत टीप आहे, कारण चार्जिंगची वायर माझी होती आणि भूगोलाच्या तासाला माझ्या टॅबलेटमध्ये तीन टक्के उरले होते. सरांनी विचारलं, "रात्री काय करत होतीस?" "बाबा चार्ज होत होते" हे उत्तर मी गिळलं.

खरी अडचण रकान्याबाहेरची निघाली. सिगारेट संपते. ती संपली की माणसाला बाथरूममधून बाहेर यावं लागतं. हे संपतच नाही. त्यातून बाबा पडले तपासनीस. "कंपनी म्हणते पंधरा हजार. मोजल्याशिवाय मान्य कसं करायचं?" असं म्हणून ते मोजू लागले. दारू सोडायची म्हणून कुणी पिंपात किती मावते ते पिऊन पाहावं, तसलाच हा प्रकार. चौथ्या दिवशी आईने निष्कर्ष काढला: "पूर्वी हे दिवसातून दहा वेळा ओढायचे. आता एकदाच ओढतात. सकाळी सुरू करतात, झोपताना थांबतात."

चारचौघांत शोभण्याचे गुण लिफ्टमध्ये गेले. बॅटरी उतरली की ती वस्तू लाल लुकलुकते. ती बाबांच्या शर्टाच्या डाव्या खिशात होती. तीनशे दोनच्या आजींनी ते पाहिलं, बाबांच्या दंडाला धरलं आणि हळूच विचारलं, "हृदयाचं यंत्र कधी बसवलं? डॉक्टर काय म्हणतात?" बाबा 'नाही' म्हणायला गेले; घाबरलेल्या माणसाने म्हणावं तसंच ते निघालं. संध्याकाळी आजींनी आमच्याकडे भोपळ्याची पेज पाठवली, मीठ न घालता. बाबांनी ती खाल्ली. दुसरं काय करणार? मी दहापैकी दोन गुण लिहिले.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, बेल वाजली. दाराच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर अध्यक्षकाकूंचा चेहरा. बाबा बाथरूममध्ये मोजत होते. मी आईकडे पाहिलं, आईने कर्ण्याकडे पाहिलं.

काकू आत आल्या त्या नाक वर करूनच. दिवाणखान्याच्या मध्यावर उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "दाओनची आई, काय लावता हो तुम्ही घरात?"

"कुठं काय?"

"माझ्या बाथरूममध्ये चार दिवस पीचची बाग फुललीय! मी तर आता तिथे मासिक घेऊन बसते. इतके दिवस तो घाणेरडा धूर आणि आता हा सुवास! तुमच्या ह्यांनी सोडली वाटतं?"

"सोडली," आई म्हणाली. इथपर्यंत खरं होतं. इथे थांबायला हवं होतं. पण काकू विचारत होत्या, "मग हे आहे काय?" आणि आईच्या तोंडून निघालं, "डिफ्यूझर. सुगंधी."

"कुठला?"

"बाहेरून आणलाय. ह्यांच्या कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाने."

आत बाबा खोकले. काकूंनी मायेने त्या दिशेला पाहिलं. "सुटताना खोकला येतोच," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी सोडली तेव्हा दोन वर्षं खोकत होते."

काकू गेल्या तेव्हा आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसलो. तिसरी तक्रार टळली होती. माझी अब्रू वाचली होती. हा आनंद आम्हाला चाळीस मिनिटं पुरला.

चाळीस मिनिटांनी इमारतीच्या फोन-गटावर काकूंचा संदेश पडला: अकराशे चारच्या ओळखीने परदेशी पीच डिफ्यूझर, महिला मंडळातर्फे सामुदायिक खरेदी, हवे असल्यास नंबर आणि नग लिहावेत.

सामुदायिक खरेदी या दोन शब्दांनी आमच्या इमारतीचं काय होतं हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. मागच्या हिवाळ्यात रताळ्यांची झाली. एकट्या राहणाऱ्या नऊशे तीनच्या दादांनी वीस किलो घेतली आणि मार्चपर्यंत ते रताळ्याच्या रंगाचे झाले. काय घेतलं जातंय हा प्रश्नच नसतो, आपण राहून तर जात नाही ना, एवढीच धास्ती. फोन टिंग टिंग वाजू लागला. "सातशे तीन, दोन." "पाचशे एक, एक, आंब्याचा मिळेल का?" "तीनशे दोन, तीन." "आठशे एक, दोन. (हे काय आहे?)" जेवणं होईपर्यंत एक्केचाळीस नग झाले.

"आता खरे डिफ्यूझर आणून वाटायचे," आईने तोड काढली. "पीचचेच." तिने नमुन्यादाखल एक आणला आणि वर नेऊन दाखवला. काकूंनी एकदाच हुंगला. "हा नव्हे, दाओनची आई. याला फरशी पुसल्याचा वास आहे. तुमच्यात कसं, मन हलकं होतं."

शनिवारी सकाळी मेंगसाहेबांनी बाबांना बोलावून फॉर्म दिला. साहेब सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आलेत. छापील रकाना भरल्याशिवाय त्यांना श्वास घेता येत नाही. वस्तूचं नाव, उपयोग, संभाव्य धोका, मुलांपासून दूर ठेवावी काय. बाबांनी वस्तूच्या नावापुढे कसंबसं 'डिफ्यूझर' लिहिलं, पण पुढच्या रकान्यांत त्यांच्यातला तपासनीस खोटं बोलू शकला नाही. धोका: 'सवय लागते.' मुलांपासून दूर ठेवावी काय: 'अतिशय दूर.' साहेबांनी चष्मा काढून बाबांचा हात हातात घेतला. "प्योसाहेब, वीस वर्षांत इतका प्रामाणिक फॉर्म पाहिला नाही. अत्तराची सवय लागते! काय निरीक्षण आहे! आज साडेसातला आपली दाओनच वाचेल."

आपली दाओन वाचायला बसली. आमच्या प्रसारण मंडळात पहिला धडा हा, की जे खोटं आहे असं माहीत आहे, ते वाचायचं नाही. दुसरा धडा आहे पाणी पिऊन घ्यायचं. मी पाणी प्यायले. आणि वाचलं: "महिला मंडळातर्फे सुगंधी डिफ्यूझरची सामुदायिक खरेदी..." फार छान वाचलं. 'सुगंधी' म्हणताना तर माझा मलाच वास आला. नाही वाचलं असतं तर साहेबांनी का म्हणून विचारलं असतं, आणि त्या 'का'च्या टोकाला अकराशे चार होतं. आपण एवढ्या घाबरट आहोत हे मला माहीत नव्हतं. आवाजावरून वाटत नाही.

बुधवारी तीनशे दोनच्या आजी लिफ्टमध्ये भेटल्या. त्यांनी आधी बाबांच्या हृदयाची चौकशी केली. मग माझा हात थोपटत म्हणाल्या, "मी तीन मागवलेत बरं का. दोन नातवंडांच्या अभ्यासाच्या खोलीत. मला त्या गटावरच्या गोष्टींचा भरवसा वाटत नाही, काय काय विकतात मेले. पण तू बोललीस ना कर्ण्यावरून! म्हटलं, ही पोर सांगते म्हणजे खरंच असणार."

तिसरा मजला आला, आजी उतरल्या. अकरावा आला, मी उतरायची विसरले. लिफ्ट पंधराव्यापर्यंत गेली आणि मला घेऊन परत खाली आली.

"आई, सांगून टाकू या," मी घरी म्हटलं.

"सांगू," आई म्हणाली. "योग्य वेळी."

"ती कधी?"

"दोन आठवडे होऊ देत," बाबा आतून म्हणाले. "अहवाल अपुरा आहे."

पण गुरुवारी ती वस्तूच मेली. रस बासष्ट टक्के, बॅटरी शंभर टक्के, आणि तरी मेली. बाबांनी तिला हलवलं, फुंकलं, माझ्या वायरीला लावलं. तीन हजार एकशे चौदा झुरक्यांवर पंधरा हजारांचा दावा कोसळला होता. ते खूश झाले होते का दु:खी, मला सांगता येणार नाही. गळती सापडली होती आणि ओढायला काही नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे कचरा वेगळा करून टाकायचा असतो. सगळी इमारत खाली उतरते. पुठ्ठा पुठ्ठ्यात, काच काचेत, बाटलीचं झाकण काढून वेगळं. छू आजोबा हातमोजे घालून सेनापतीसारखे उभे असतात. दुसऱ्या कुणी ती वस्तू कागदात गुंडाळून नेहमीच्या कचऱ्यात ढकलली असती. बाबा नाही ढकलू शकले. एकोणीस वर्षं! त्यांनी आधी ती प्लास्टिकच्या गोणीवर धरली, मग सुट्या बॅटऱ्यांच्या डब्यावर, मग परत गोणीवर. तिसऱ्या फेरीला आजोबांचं लक्ष गेलं.

"अकराशे चार! काय टाकताय?"

"हे... छोटं आहे."

"छोटं-मोठं नाही विचारलं. आहे काय?"

"डिफ्यूझर," बाबा पुटपुटले.

"मग काच."

"काच नाही. आत बॅटरी आहे."

"अत्तरात बॅटरी?" आजोबांनी हातमोजा पुढे केला. "बघू."

विकत घेताना वस्तूचं नाव कुणी विचारत नाही. एक्केचाळीस नग तसेच खपले होते. टाकताना मात्र खरं नाव सांगावं लागतं, नाहीतर गोणी सापडत नाही.

मागून अध्यक्षकाकू पुठ्ठे घेऊन आल्या. "अगंबाई, हाच का तो!" त्यांनी आजोबांच्या हातातून ती वस्तू घेतली, नाकाशी धरली. "हाच! अहो, हाच सुवास! या सगळ्यांनी, बघून घ्या, हाच आपला डिफ्यूझर!" सातशे तीन आले, पाचशे एक आले, तीनशे दोनच्या आजी दुधाचे धुतलेले खोके छातीशी धरून आल्या. वस्तू हातोहात फिरली. सगळ्यांनी हुंगली. "काय नाजूक आहे!" "रंग किती गोड!" काकूंनी ती उलटी केली, सुलटी केली. "पण सुगंध सोडतो कुठून? या चपट्या टोकातून? आणि हे टोक ठेवायचं कुठे?"

छू आजोबांनी चाळीस वर्षं सिगारेट ओढून सोडली आहे. ते हळूच म्हणाले, "बाई, ते टोक तोंडात धरतात."

काकूंनी वस्तूकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग वर, अकराव्या मजल्याच्या बाथरूमच्या खिडकीकडे, मग आणखी एक मजला वर. त्या दहा दिवस मासिक घेऊन कुठे बसल्या होत्या ते आता त्यांना उमगलं. आजींनी खोके खाली ठेवले आणि बाबांच्या डाव्या खिशाकडे बघत विचारलं, "म्हणजे हृदय ठीक आहे?"

"ठीक आहे, आजी," बाबा म्हणाले.

"मग माझी पेज!"

त्या माझ्याकडे वळल्या. मग खोके उचलले आणि लिफ्टकडे निघून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवारी कार्यालयात बैठक झाली. काकू तिसरी तक्रार लिहायला बसल्या आणि 'झालेला त्रास' या रकान्यापाशी अडल्या. तिथे सुवास लिहिता येईना. शिवाय खरेदी त्यांनीच पुकारलेली, फॉर्म साहेबांनीच वाखाणलेला. पाऊण तास सगळे एकमेकांची अब्रू न्याहाळत बसले. मग साहेबांनी एक मसुदा केला: 'काही अपरिहार्य कारणांमुळे डिफ्यूझरची सामुदायिक खरेदी रद्द करण्यात येत आहे.' कुणाचं नाव नाही, नंबर नाही. आईने सुटकेचा नि:श्वास टाकला. काकूंनी "मोठ्या मनाने" असा शब्द दोनदा वापरला. बाबा टेबलाच्या कडेची रबरी पट्टी तपासत होते.

आणि मला जे हवं होतं ते मिळालं होतं. अकराशे चार वाचायचं नव्हतं. मी सुटले होते.

शनिवारी साडेसातला मी माइकसमोर बसले. साहेब शेजारच्या टेबलाशी, काकू दारात, शब्द बदलत नाही ना हे ऐकायला. मी पाणी प्यायले, बटण दाबलं, लाल दिवा लागला.

"कार्यालयाकडून रहिवाशांसाठी सूचना. काही अपरिहार्य..."

आणि मला तीनशे दोनचा दिवाणखाना दिसला. आजी कर्ण्याकडे मान वर करून ऐकत असतील, आणि मी सांगते म्हणून त्यांना वाटेल, खरंच अपरिहार्य असणार.

मी कागद उलटा ठेवला.

"रहिवाशांनी कृपया लक्ष द्यावं. मागच्या शनिवारी मी जो डिफ्यूझर म्हणून सांगितला, तो डिफ्यूझर नव्हता. ते वेप होतं. त्यात निकोटीन असतं. मुलांच्या खोलीत ठेवायची वस्तू नाही, मोठ्यांच्या खोलीतही ठेवू नये असं माझं मत आहे. ते आमच्या घरात, बाथरूममध्ये ओढलं जात होतं. घर नंबर अकराशे चार. मला माहीत होतं आणि तरी मी खोटं वाचलं. वाचणारी, प्यो दाओन, अकराशे चार. धन्यवाद."

'र' पूर्ण उमटला. अगदी छतापर्यंत.

काकूंचं तोंड उघडं होतं. साहेब रागाने उठले, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला आणि मी डोळे मिटले. आता शिव्या.

मेंगसाहेबांना फोनवरचं वाक्य मोठ्याने परत म्हणून खात्री करून घ्यायची सवय आहे. "कोण? दोनशे एक. हां... नाही, नाही, तुमचा नंबर नाही जाहीर केला. तुम्हीही बाथरूममध्येच? रोज? ...बरं, बरं, लिहून घेत नाही." त्यांनी फोन ठेवला, तो लगेच वाजला. "सहाशे दोन. यादी? कसली यादी? अहो, यादी नाहीये. जिन्यात ओढता, हो, कळलं, जिन्यात. थोटकं कुंडीत. कुणाच्या? आठशे एकच्या." पुन्हा घंटा. अकराशे चारबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. ज्याला त्याला एकच जाणून घ्यायचं होतं, पुढचा नंबर आपला तर नाही ना.

"तेराशे चार," साहेब म्हणाले. "बोला. तक्रार आहे? अकराशे चारची? नाही? ...धूर. पीचचा नव्हे, साधा. किती वर्षं? ...खालून येतो म्हणता. तुमच्या लगेच खालून?"

तेराशे चारच्या लगेच खाली बाराशे चार. काकूंनी दाराची चौकट धरली. सिगारेट 'सोडल्यावर' त्यांचे हे दोन वर्षं खोकत होते, ते मला आठवलं; काकूंना माझ्याआधीच आठवलेलं दिसलं.

साहेबांनी एका हाताने रिसीव्हर झाकला आणि दुसऱ्या हाताने मला खूण केली. "दाओन," ते कुजबुजले, "माइक बंद केलास ना?"

मी खाली पाहिलं. लाल दिवा जळत होता.

मी बोट बटणावर नेलं. मग म्हटलं, तेराशे चारचं वाक्य तरी पूर्ण होऊ दे.